पन्नास जण उभे राहिले नाहीत

24 नोव्हेंबर 1966 रोजी लोकसभेपुढे एक अवघड ठराव आला. अध्यक्ष सरदार हुकम सिंग यांना पदावरून दूर करावे, अशी मागणी त्यात होती आणि ती करणारे होते बिहारमधल्या मुंगेरचे खासदार मधू लिमये. असा ठराव आणायचा तर संविधानाच्या 94 व्या कलमानुसार चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तेवढ्यावर भागत नाही. ठराव मांडायला परवानगी मिळण्यासाठी किमान 50 सदस्यांनी आपापल्या जागी उभे राहावे लागते. त्या दिवशी तेवढे उभे राहिले नाहीत. चर्चा नाही, मतदान नाही. सभागृह पुढच्या कामाकडे वळले.

लिमयांना हे आधी कळले नसेल, असे मानायला मी तयार नाही. ज्याला नियमावली तोंडपाठ त्याला बाकांवरची डोकी मोजता येत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. बारा वर्षांपूर्वी, डिसेंबर 1954 मध्ये, पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्धही असा ठराव आला होता. त्यावर निदान चर्चा झाली आणि मग तो फेटाळला गेला. लिमयांच्या वाट्याला तेही आले नाही. पण ठरावाची नोंद कामकाजात कायमची राहिली आणि अध्यक्षालाही जाब विचारता येतो, हे पुन्हा एकदा लिहिले गेले. विरोधी बाकांवरच्या माणसाची कमाई बहुधा अशीच असते. आकडे विरुद्ध जातात, नोंद त्याच्या बाजूने उरते.

हा विरोधी बाक स्वतंत्र भारतात कुठून आला, हे शोधत गेले तर नाशिकचे नाव दोनदा येते. पहिल्यांदा तुरुंगामुळे. 1932-33 मध्ये नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी कायदेभंगाची शिक्षा भोगत होती. काँग्रेसच्या आतच एक समाजवादी गट उभा करावा, हा विचार तिथल्या चर्चांमध्ये आकाराला आला आणि 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. दुसऱ्यांदा नाव येते ते मार्च 1948 मध्ये. काँग्रेसने आपल्या पोटात वेगळा पक्ष चालवायला मनाई केल्यावर समाजवाद्यांचे अधिवेशन नाशिकला भरले आणि काँग्रेस सोडण्याचा निर्णय तिथे झाला. गांधीजींच्या हत्येला जेमतेम दोन महिने होत होते. सत्तेचे ताट समोर वाढलेले असताना पाटावरून उठणारी माणसे तेव्हाही थोडीच होती. पंचवीस वर्षांचे मधू लिमये याच अधिवेशनात पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडले गेले.

नाशिकनंतर लगेच घडलेली एक गोष्ट आज मुद्दाम सांगावीशी वाटते. उत्तर प्रदेशच्या विधानसभेत आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे समाजवादी सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. पक्ष सोडला, मग त्या पक्षाच्या नावाने मिळालेली जागा कशी ठेवायची? त्यांनी राजीनामे दिले, पोटनिवडणुका लढवल्या आणि खुद्द नरेंद्र देव फैजाबादला हरले. पक्षांतरबंदीचा कायदा यायला तेव्हा 37 वर्षे अवकाश होता. तो कायदा 1985 मध्ये आला तेव्हा लिमयांनी त्यावर टीकाच केली. एकट्यादुकट्याला पकडणारा आणि घाऊक पक्षांतराला वाट मोकळी ठेवणारा कायदा, असा त्यांचा आक्षेप होता. गेल्या काही वर्षांतले महाराष्ट्राचे राजकारण पाहिलेल्या वाचकाला यावर अधिक सांगायला नको.

लिमये पुण्याचे. जन्म 1 मे 1922, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. 1940 मध्ये युद्धविरोधी प्रचारासाठी धुळ्याच्या तुरुंगात, पुढे बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत, मग पुन्हा अटक. 1955 मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले आणि लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. 1957 च्या सुरुवातीला ते सुटले. लोकसभेत मात्र महाराष्ट्राने त्यांना एकदाही पाठवले नाही. 1964 ची पोटनिवडणूक आणि 1967 ची निवडणूक त्यांनी मुंगेरमधून जिंकली, 1973 ची पोटनिवडणूक आणि 1977 ची निवडणूक बांकामधून. चारही वेळा बिहार. इंग्रजीवर उत्तम पकड असूनही सभागृहात ते बहुधा हिंदीत बोलत.

आता थोडे गणित मांडू, कारण विरोधी खासदाराच्या कामाचा निम्मा भाग गणिताचाच असतो. लोकसभेतली जी आयुधे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांची वाटणी किती माणसे लागतात यावर करता येते. अविश्वास ठरावाला परवानगी हवी तर 50 सदस्य उभे राहायला हवेत. स्थगन प्रस्तावाला कुणी हरकत घेतली, तर तिथेही 50. हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित करताना हरकत आली, तर 25. आणि काही आयुधांना एकच माणूस पुरतो: प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, हरकतीचा मुद्दा.

1967 च्या निवडणुकीत लिमयांच्या संयुक्त समाजवादी पक्षाला लोकसभेत 23 जागा मिळाल्या. हक्कभंगाला लागतात त्यापेक्षा दोन कमी! काँग्रेसकडे 283 होत्या. म्हणजे मोठे हत्यार उचलायचे तर जनसंघ, स्वतंत्र, कम्युनिस्ट यांतल्या कुणाचा तरी हात लागणार. लिमयांनी तो मिळवला. नोव्हेंबर 1967 मध्ये त्यांनी इंदिरा गांधींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. तो 88 विरुद्ध 215 मतांनी पडला. जुलै 1970 मध्ये पुन्हा आणला. 137 विरुद्ध 243. दोन्ही ठराव पडले, तरी मधल्या काळात काँग्रेस फुटली होती आणि विरोधातली मते वाढली होती, हेही त्या आकड्यांत दिसते. अविश्वास ठरावाने सरकार पडण्याची वेळ क्वचितच येते. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. सरकारच्या साऱ्या कारभारावर एकत्र बोलायची संधी विरोधकाला मिळते आणि पंतप्रधानाला शेवटी उठून उत्तर द्यावे लागते.

लिमयांची खरी ताकद मात्र एकट्याने वापरायच्या आयुधांत होती, आणि त्यातही हरकतीच्या मुद्द्यात. या मुद्द्याला नोटीस लागत नाही की अनुमोदक लागत नाही. कामकाज चालू असताना नियमाचा किंवा संविधानाच्या एखाद्या कलमाचा भंग होतो आहे, असे वाटले की सदस्याने उठायचे. बोलणाऱ्याला थांबावे लागते, मग तो पंतप्रधान का असेना, आणि अध्यक्षाला निर्णय द्यावा लागतो. अट एवढीच की मुद्दा त्या क्षणी चालू असलेल्या कामाशी आणि नियमांच्या अर्थाशी निगडित हवा. ही अट फार जड आहे. बहुतेक सदस्य हरकतीचा मुद्दा म्हणून उठतात आणि भाषण करायला लागतात. मग अध्यक्ष त्यांना खाली बसवतात आणि ते योग्यच असते. लिमये उठत ते कलमाचा क्रमांक, नियमाचा क्रमांक आणि जुन्या अध्यक्षांचा निर्णय बरोबर घेऊन. अर्थमंत्र्याने मागणी मांडताना पद्धत चुकवली, विधेयकाला हवी ती शिफारस जोडली नाही, अहवाल पटलावर ठेवायला उशीर केला, अशा गोष्टी एरवी कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्या पकडल्या की सरकारला आपलीच चूक दुरुस्त करावी लागते.

मंत्र्याने सभागृहात चुकीची माहिती दिली, तर त्यासाठीही वेगळी वाट आहे. अध्यक्षांच्या निर्देश 115 नुसार सदस्याने अध्यक्षांना लिहून कळवायचे, चूक कुठे आहे ते सांगायचे. मग मंत्र्याकडून खुलासा मागवला जातो. यात आरडाओरडा शून्य. कष्ट मात्र भरपूर, कारण मंत्र्याचे जुने भाषण, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि स्वतःचा पुरावा शेजारी शेजारी ठेवावा लागतो. हे काम करणारा खासदार दूरचित्रवाणीवर दिसत नाही. त्या काळी दूरचित्रवाणी सभागृहात नव्हतीच. पण असती तरी फरक पडला नसता.

या परंपरेला मराठी पूर्वज आहे. गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात पहिले अर्थसंकल्पी भाषण करायला उभे राहिले, तेव्हा त्यांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा 1892 च्या कायद्याने मिळाली होती. उपप्रश्न विचारायची मुभा मिळायला 1909 उजाडले. गोखल्यांनी हत्यार केले ते सरकारच्याच आकडेवारीचे. शिलकी अर्थसंकल्पाचे कौतुक चालले असताना ही शिल्लक गरिबाच्या मिठावरच्या करातून आली आहे, हे त्यांनी सरकारचेच तक्ते उलगडून दाखवले. साधारण त्याच्या वीसेक वर्षे आधी लंडनमध्ये आयरिश सदस्यांनी उलटा मार्ग धरला होता. पार्नेल आणि त्याचे सोबती इतके बोलत राहिले की 1881 मध्ये हाउस ऑफ कॉमन्सची एक बैठक सलग 41 तास चालली. शेवटी स्पीकरने आपल्या अधिकारात ती थांबवली आणि चर्चा बंद करण्याचा नियम तिथून रूढ झाला. दोन्ही मार्गांना आपापला इतिहास आहे. एक फरक मात्र डोळ्यांत भरतो: अडवणुकीने नियम कडक झाले, आकडेवारीने सरकार सावध झाले.

लिमये या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतात. 1974 चे तुलमोहन राम प्रकरण घ्या. पाँडिचेरीतल्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावेत, असे निवेदन 21 खासदारांच्या सह्यांनी गेले होते आणि त्यातल्या बहुतेक सह्या बनावट निघाल्या. निवेदन पुढे करणारे तुलमोहन राम काँग्रेसचे बिहारमधले खासदार. निवेदन गेले तेव्हा परदेशी व्यापार खात्याचे मंत्री होते ललित नारायण मिश्र. लिमये, वाजपेयी, ज्योतिर्मय बसू या साऱ्यांनी मिळून हे प्रकरण हक्कभंग, लक्षवेधी, हरकतीचे मुद्दे अशा सगळ्या वाटांनी लावून धरले. मागणी होती सीबीआयचा अहवाल पटलावर ठेवण्याची. सरकार म्हणत होते, खटला न्यायालयात आहे. महिनोन्‌महिने सभागृह याच वादाभोवती फिरत राहिले, मोरारजी देसाईंनी सभागृहातच सत्याग्रहाचा इशारा दिला आणि अखेर विरोधी नेत्यांना गुप्ततेच्या अटीवर कागद दाखवण्याची तडजोड झाली. जानेवारी 1975 मध्ये समस्तीपूरच्या बाँबस्फोटात मिश्र मारले गेले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. संसद चालू न देणे आणि संसदेला जाब विचारायला लावणे यांतली रेघ त्या हिवाळ्यात बरीच पुसट झाली होती. लिमयांच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हरकत नाही.

सभागृहाबाहेर हाच माणूस न्यायालयातही आपली बाजू लढवत होता. कायद्याच्या विद्यार्थ्याला मधू लिमये हे नाव खासदार म्हणून माहीत नसेल, खटल्याचे नाव म्हणून नक्की माहीत असते. 1968 मध्ये बिहारच्या लखीसराय स्थानकावर झालेली अटक, अटकेची कारणे न सांगितल्याने सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. 1970 मध्ये जमावबंदीच्या 144 कलमाला त्यांनी आव्हान दिले. तिथे सात न्यायाधीशांनी कलम वैध ठरवले. आणि 1977 चा तिसरा निकाल, मुळात महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री अ. र. अंतुले यांच्यावरच्या आरोपांवरून उभा राहिलेला, फौजदारी प्रकरणांत उच्च न्यायालयाने कधी हस्तक्षेप करावा यासाठी आजही वकील पुढे करतात. हरकतीचा मुद्दा काढायची सवय माणसाला कुठेही सुटत नाही!

आणीबाणीत लिमये मध्य प्रदेशच्या तुरुंगांत होते. लोकसभेची पाच वर्षांची मुदत 18 मार्च 1976 ला संपत होती. सरकारने कायदा करून ती एक वर्षाने वाढवली. लिमयांचे म्हणणे सरळ होते: जनतेने पाच वर्षांसाठी निवडले, सहाव्या वर्षाचा अधिकार कुणी दिला? सगळ्या विरोधी खासदारांनी राजीनामे द्यावेत, असे त्यांनी सुचवले. दिले दोघांनीच, एक स्वतः लिमये आणि दुसरे जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव. नाशिकच्या ठरावानंतर नरेंद्र देवांनी जे केले तेच हे. पुढे माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही लिमयांनी नाकारले, स्वातंत्र्यसैनिकाचेही.

1977 मध्ये जनता पक्षाबरोबर सत्तेच्या बाजूला आल्यावर लिमये कसे वागले, हा प्रश्न टाळू नये. नोव्हेंबर 1977 मध्ये लिमये आणि कंवरलाल गुप्ता यांनी इंदिरा गांधींविरुद्ध हक्कभंगाचा प्रश्न उभा केला. मुद्दा भक्कम होता. मारुती कंपनीबद्दल लोकसभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी माहिती गोळा करणाऱ्या चार अधिकाऱ्यांना त्रास देण्यात आला होता, त्यांच्यामागे चौकशा लावण्यात आल्या होत्या. खासदाराच्या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारा अधिकारीच घाबरला, तर प्रश्नोत्तराच्या तासाला अर्थ उरत नाही. हक्कभंग समितीने तो सिद्ध झाला असे म्हटले. पण 19 डिसेंबर 1978 रोजी लोकसभेने चिकमगळूरहून नुकत्याच निवडून आलेल्या इंदिरा गांधींना सदस्यत्वावरून काढले आणि सत्र संपेपर्यंत तुरुंगात धाडले, तिथे तोल गेला. मतदारांनी दिलेली जागा बहुमताने हिसकावणे हे विरोधकाच्या शाळेत शिकलेल्या माणसांना शोभणारे नव्हते. 1981 मध्ये नव्या लोकसभेने तो निर्णय रद्द केला. इंदिराबाईंना तुरुंगातल्या त्या आठवड्याने जेवढी सहानुभूती मिळवून दिली, तेवढी त्यांच्या पक्षालाही जमली नसती.

जनता पक्षातल्या जनसंघीयांनी रा. स्व. संघाशी असलेले नाते सोडावे, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद लिमयांनीच धसास लावला. जुलै 1979 मध्ये जनता सरकारवर अविश्वास ठराव आणला तो यशवंतराव चव्हाणांनी. इथे नाशिक पुन्हा येते. 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकने चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवले होते. आता साताऱ्याचे खासदार म्हणून त्यांनी आणलेल्या ठरावावर मतदान होण्याआधीच पंतप्रधान मोरारजींनी राजीनामा दिला. जनता पक्ष कुणी फोडला, यावर लिमयांना दोष देणारे आजही आहेत. तत्त्वाचा मुद्दा त्यांचा बरोबर होता, वेळ चुकली, असे माझे मत. 1980 मध्ये ते हरले आणि निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. 8 जानेवारी 1995 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तोवर ते लिहीत राहिले.

नाशिकने स्वतः निवडलेला मोठा विरोधक म्हणजे दादासाहेब गायकवाड. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे हे सेनानी 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेले, 1962 ते 1968 राज्यसभेत होते. त्यांची पद्धत लिमयांपेक्षा निराळी होती. भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी संसदेत मांडलाच, पण त्यासाठी 1959 मध्ये आणि पुन्हा, या वेळी देशभर, डिसेंबर 1964 पासून सत्याग्रह उभा केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. सभागृहात 50 जण उभे राहत नसतील, तर बाहेर किती उभे राहतात ते दाखवायचे, ही त्यांची रीत.

2024 मध्ये नाशिकने राजाभाऊ वाजे आणि दिंडोरीने भास्कर भगरे यांना निवडून दिले. जिल्ह्याच्या या दोन्ही मतदारसंघांचे खासदार आज विरोधी बाकांवर आहेत. त्यांच्या मागे कांदा आहे: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, त्या डिसेंबरात निर्यातबंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम, सप्टेंबर 2024 मध्ये ते निम्मे आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. हा प्रत्येक निर्णय अधिसूचनेने झाला आणि अशा अधिसूचना संसदेच्या पटलावर ठेवाव्या लागतात. बारकाईने वाचणाऱ्या खासदाराला तिथे पकडायला जागा असते. विरोधकाला जागा मिळणे सोपे राहिलेले नाही, हेही खरे. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून 146 विरोधी सदस्य निलंबित झाले होते, आणि सतराव्या लोकसभेने पाचही वर्षे उपाध्यक्ष निवडलाच नाही, जरी 93 वे कलम तो लवकरात लवकर निवडा असे सांगते.

खासदाराने किती प्रश्न विचारले, किती टक्के हजेरी लावली, याच्या याद्या वर्तमानपत्रांत येतात. त्यांवरून फारसे कळत नाही. शंभर अतारांकित प्रश्न कार्यालयातला सहायकही लिहून देतो. त्याऐवजी संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या खासदाराचे एकच भाषण पूर्ण वाचा. मंत्र्याच्या उत्तरावर त्याने उपप्रश्न कोणता विचारला ते पाहा. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर मिळाले असेल, तर पुढच्या अधिवेशनात त्याने पाठपुरावा केला का, हेही तपासा. आश्वासनांचा हिशेब ठेवायला लोकसभेची स्वतंत्र समिती 1953 पासून आहे. आणि पाठपुरावा दिसला नाही, तर पुढच्या वेळी खासदार कांद्याच्या भावावर बोलायला लासलगावला येतील तेव्हा त्यांना तेवढे विचारा.